मागच्या बाकावरचा खासदार लोकांचे प्रश्न कसे मांडतो? ब्रिटिश संसदेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"एमपीला पत्र लिहून खरंच काही होतं का?" इंग्लंडातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न अधूनमधून उगवतोच. बहुतेक वेळा कुणाचा व्हिसा अडकलेला असतो, नाहीतर भाड्याच्या घराला ओल आलेली असते. तिकडे महाराष्ट्रात बसून बुधवारची संसदेतली खडाजंगी पाहणाऱ्यांचं कुतूहल वेगळं असतं. मंत्री नाही, पद नाही, असा माणूस उठून बोलतो तेव्हा त्याचं ऐकतं कोण? दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

बॅकबेंचर म्हणजे नेमका कोण?

हाउस ऑफ कॉमन्समध्ये ६५० खासदार आहेत. सत्ताधारी बाजूचे मंत्री आणि त्यांच्या समोर विरोधी पक्षाचे छायामंत्री (म्हणजे एकेका खात्यावर सरकारला जाब विचारणारे विरोधी नेते) पहिल्या रांगेत बसतात. बाकी सगळे मागे, म्हणून ते बॅकबेंचर. यात नवखे असतात, तसे मुरलेलेही असतात. पंतप्रधानपद सोडल्यावर थेरेसा मे जवळपास पाच वर्षं मागच्याच बाकावर होत्या.

खासदार ६५० असले तरी सभागृहात बसायची सोय सव्वाचारशेच्या आसपास जणांचीच आहे. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं सभागृह जळालं. ते पुन्हा बांधताना चर्चिल यांनी आग्रह धरला की जागा पूर्वीइतकीच दाटीवाटीची ठेवा, म्हणजे वादविवादाला रंग चढतो. त्यामुळे गर्दीच्या दिवशी खासदार सकाळीच येऊन बाकावर आपल्या नावाचं कार्ड ठेवतात आणि कामकाजाआधीच्या प्रार्थनेला हजर राहून ती जागा पक्की करतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचाच हा प्रकार, फक्त इथे रुमालानंतर प्रार्थनाही करावी लागते.

माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. इथला खासदार माझा कसा?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिली, मदत मागण्यासाठी मतदार असावंच लागतं असं नाही. तुम्ही त्या मतदारसंघात राहता, एवढं पुरेसं आहे. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदानाचा हक्क आहे. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे वर्क व्हिसावर आलेला पुण्याचा इंजिनिअर आणि स्टुडंट व्हिसावर आलेली नाशिकची मुलगी, दोघंही मत देऊ शकतात. नाव मात्र नोंदवावं लागतं आणि मतदान केंद्रावर जाऊन मत द्यायचं तर फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं. त्यात भारतीय पासपोर्ट चालतो.

"आपण पाहुणे, आपल्याला कशाला राजकारण" ही आपल्या लोकांची वृत्ती मला अजिबात पटत नाही. कर भरता, मुलं इथल्या शाळेत जातात, मग पाहुणे कसले?

'सर्जरी' म्हणजे काय?

डॉक्टरांशी संबंध नाही. खासदार आपल्या मतदारसंघात ठरलेल्या दिवशी लोकांना भेटतो, त्या भेटीला सर्जरी म्हणतात. जागा साधीच असते: चर्चचा हॉल, लायब्ररी, कधी सुपरमार्केटचा कोपरा. साधारण आधी वेळ घ्यावी लागते आणि वाट्याला दहा-पंधरा मिनिटं येतात. शेजारी केसवर्कर, म्हणजे लोकांच्या तक्रारी हाताळणारा खासदाराचा कर्मचारी, वही किंवा लॅपटॉप उघडून बसलेला असतो. त्याला कमी लेखू नका. तुमच्या फाइलचा पुढचा सगळा प्रवास त्याच्याच हातात असतो.

पूर्वी सर्जरीत कुणीही सहज शिरू शकत असे. १६ जून २०१६ रोजी यॉर्कशरमधल्या बर्स्टल गावात सर्जरीला पोहोचत असतानाच मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांची हत्या झाली. १५ ऑक्टोबर २०२१ ला हुजूर पक्षाचे सर डेव्हिड एमेस यांना ली-ऑन-सी इथल्या चर्चमध्ये, सर्जरी चालू असताना भोसकून मारण्यात आलं. त्यानंतर सुरक्षा वाढली. आता पत्ता आधी जाहीर न करणं, ओळखपत्र मागणं हे सर्रास झालं आहे. कुणी नाव-गाव विचारलं तर त्यात अपमान मानू नये.

तक्रार ऐकल्यावर खासदार लगेच संसदेत बोलतो का?

नाही, आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. पहिलं पाऊल म्हणजे पत्र. खासदाराच्या लेटरहेडवर एखाद्या खात्याला पत्र गेलं की ते सामान्य अर्जांच्या ढिगात पडत नाही. त्याची वेगळी नोंद होते आणि उत्तर कितपत वेळेत गेलं याचाही हिशोब ठेवला जातो. गृहखात्यात तर खासदारांच्या चौकशीसाठी स्वतंत्र व्यवस्थाच आहे. व्हिसा, पेन्शन, अपंगत्व भत्ता, कर यांतली असंख्य प्रकरणं पत्रावर सुटतात आणि त्यांची बातमी कधीच होत नाही.

आणखी एक दार आहे. सरकारी खात्याच्या गैरकारभाराची तक्रार संसदीय ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी तपासणाऱ्या लोकपालाकडे, करायची तर ती खासदारामार्फतच जावी लागते. १९६७ च्या कायद्यापासून ही अट आहे. अनेकदा ती काढून टाकायच्या गोष्टी झाल्या, अट मात्र जागेवर आहे.

पत्रांनी काम होत नाही, किंवा एकसारखी पाच-दहा प्रकरणं समोर येतात, तेव्हा विषय सभागृहात जातो.

सभागृहात विषय मांडायचे मार्ग कोणते?

महाराष्ट्र विधानसभेचं कामकाज पाहणाऱ्याला तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा हे शब्द पाठ असतात. तिकडेही अशी हत्यारं बरीच आहेत. आपल्या लोकसभेतला शून्य प्रहर मात्र तिथे नाही. ती आपली देशी उपज.

सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे लेखी प्रश्न. मंत्र्याला आकडे विचारता येतात, ठरावीक दिवशीच उत्तर हवं असंही सांगता येतं. असे तारखेचे प्रश्न एका खासदाराला दिवसाला पाचच. मंत्र्यांचं आवडतं पळवाटेचं उत्तर म्हणजे "ही माहिती गोळा करायला अवाजवी खर्च येईल." हुशार खासदार मग तोच प्रश्न तुकडे करून पुन्हा विचारतो.

तोंडी प्रश्न खात्यानुसार आळीपाळीने येतात. प्रश्न चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. छापील प्रश्न नुसता आत शिरायला असतो, खरी मजा पुरवणी प्रश्नात. एखादी गोष्ट अचानक पेटली तर 'अर्जंट क्वेश्चन'ची मागणी स्पीकरकडे करता येते. ती मान्य झाली की मंत्र्याला त्याच दिवशी हातातलं काम टाकून सभागृहात यावं लागतं.

मग येते तहकुबी चर्चा. दिवसाचं कामकाज संपताना शेवटचा अर्धा तास एका बॅकबेंचरचा असतो. विषय त्याच्या मतदारसंघातला एखादा रेल्वे थांबा असू शकतो, एखादं बंद पडणारं हॉस्पिटल असू शकतं. सभागृह जवळपास रिकामं. एक खासदार, एक मंत्री, स्पीकरच्या खुर्चीत कुणीतरी, आणि बहुधा उत्तर आयर्लंडच्या स्ट्रँगफर्डचे जिम शॅनन. हे गृहस्थ दुसऱ्यांच्या तहकुबी चर्चांना इतक्या निष्ठेने हजर राहतात की ते आले नाहीत तरच लोकांना चुकल्यासारखं वाटतं. रिकामी बाकं पाहून हसू नका. मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं, ते तयार करताना अधिकाऱ्यांना फाइल उघडावी लागते, आणि बोललेला शब्द न शब्द हॅन्सार्ड या अधिकृत वृत्तांतात छापला जातो.

वेस्टमिन्स्टर हॉलच्या बाजूच्या दालनात १९९९ पासून समांतर चर्चा होतात. घोड्याच्या नालेच्या आकारात मांडलेली आसनं, आवाज खालचा, आणि विरोधकसुद्धा एकमेकांशी माणसासारखे बोलतात. २०१० पासून बॅकबेंचरांची स्वतःची समिती आहे. सरकारच्या मर्जीवर न राहता काही दिवसांचे विषय तीच ठरवते.

अर्ली डे मोशन नावाचाही एक प्रकार आहे. खासदार प्रस्ताव लिहितो, इतर सह्या करतात आणि चर्चा जवळपास कधीच होत नाही. स्थानिक फुटबॉल क्लबाच्या अभिनंदनापासून युद्धापर्यंत सगळं त्यात सापडतं. "मी तुमच्या विषयावर मोशनवर सही केली आहे" असं उत्तर आलं, तर फार हुरळून जाऊ नका.

बुधवारी दुपारी बारा वाजता जे दिसतं, त्यात सामान्यांच्या प्रश्नांना जागा असते का?

असते, पण चिंचोळी. पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांचा वेळ नावाला अर्धा तास. त्यातले सहा प्रश्न विरोधी पक्षनेत्याचे. बाकीच्यांसाठी पंधरा नावांची सोडत. नाव निघालं नाही तर दर उत्तरानंतर उभं राहायचं, स्पीकरची नजर पडली नाही की खाली बसायचं, पुन्हा उभं राहायचं. नवीन खासदाराचे बरेच बुधवार या उठाबशांत जातात.

सत्ताधारी बाजूचे कित्येक प्रश्न पेरलेले असतात: "पंतप्रधान महोदय माझ्याशी सहमत होतील का, की आमच्या गावातलं नवं आरोग्य केंद्र उत्तम आहे?" असल्या प्रश्नांची क्लिप रात्री फेसबुकवर फिरते आणि तिथेच संपते. कामाचा बॅकबेंचर वेगळं करतो. आपल्या मतदारसंघातली एक हकिकत तीन वाक्यांत सांगतो आणि शेवटी विचारतो, "संबंधित मंत्री या कुटुंबाला भेटतील का?" सगळ्या देशासमोर पंतप्रधानांना "नाही" म्हणणं जड जातं. भेटीचं आश्वासन पदरात पडलं की सोमवारी केसवर्कर मंत्र्याच्या कार्यालयाला फोन लावून तारीख मागतो.

यातून मोठं काही निष्पन्न झाल्याची उदाहरणं आहेत का?

आहेत, पण एकाही उदाहरणात एका भाषणाने काम झालेलं नाही. सगळीकडे वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आहे.

पोस्ट ऑफिसचं प्रकरण घ्या. ब्रिटनमध्ये गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसं सबपोस्टमास्तर चालवतात, बहुतेक वेळा किराणा दुकानाच्याच एका काउंटरवर. त्यांत भारतीय वंशाची कुटुंबंही पुष्कळ. १९९९ नंतर फुजित्सु कंपनीची होरायझन ही संगणकप्रणाली आली आणि प्रत्यक्षात नसलेली तूट हिशोबात दिसू लागली. पोस्टाने दोष यंत्राला दिला नाही, माणसांवर चोरीचे आणि खोट्या हिशोबाचे खटले भरले. नऊशेहून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, कित्येकांनी घरं विकून "तूट" भरली.

हॅम्पशरमधल्या एका खेड्यातली दुकानदारीणबाई आपल्या खासदाराकडे गेल्या. हे खासदार म्हणजे जेम्स आर्बथनॉट, हुजूर पक्षाचे. त्यांच्या लक्षात आलं की अशी तक्रार करणारं आणखी कुणीतरी आपल्याच मतदारसंघात आहे. दोन प्रामाणिक दुकानदार एकाच पद्धतीने चोर कसे निघतात? त्यांनी इतर खासदारांना विचारायला सुरुवात केली आणि तशीच गाऱ्हाणी घेऊन आलेले लोक ठिकठिकाणी निघाले. मजूर पक्षाचे केव्हन जोन्सही सामील झाले. खासदारांच्या दबावामुळे पोस्टाला २०१२ मध्ये बाहेरचे तपासनीस नेमावे लागले. १७ डिसेंबर २०१४ ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा झाली. मंत्र्यांच्या उत्तरांनी समाधान झालं नाही, पण हॅन्सार्डमध्ये सगळं नोंदलं गेलं. पुढे न्यायालयाचा निकाल लागला तो २०१९ मध्ये, आणि तोही सबपोस्टमास्तरांनी स्वतः लढून मिळवला. जानेवारी २०२४ मध्ये या प्रकरणावर टीव्हीवर मालिका आली, लोक खवळले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या गेल्या. टीव्ही मालिकेला जे काही दिवसांत जमलं ते संसदेला इतक्या वर्षांत का जमलं नाही, हा प्रश्न तिथले लोक अजून विचारतात आणि तो रास्तच आहे.

दूषित रक्ताचं प्रकरणही असंच. १९७० आणि ८० च्या दशकांत सरकारी आरोग्यसेवेतून दिलेल्या रक्तामुळे आणि रक्तघटकांमुळे तीस हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची लागण झाली. सुमारे तीन हजार दगावले. हलच्या खासदार डायना जॉन्सन यांच्याकडे एक बाधित मतदार आला आणि त्यांनी विषय धरला तो सोडलाच नाही. जुलै २०१७ मध्ये त्यांनी तातडीची चर्चा मिळवली. चर्चेच्या दिवशीच सरकारने चौकशी जाहीर केली. डिसेंबर २०२३ मध्ये भरपाईबाबतची त्यांची दुरुस्ती सरकारचा विरोध असूनही २४६ विरुद्ध २४२ अशी मंजूर झाली. चौकशीचा अहवाल मे २०२४ मध्ये आला.

सर डेव्हिड एमेस यांची गोष्ट हलकीफुलकी सुरू होते. आपल्या मतदारसंघातल्या साउथएंडला शहराचा दर्जा मिळावा हा त्यांचा ध्यास. विषय कुठलाही असो, ते फिरून साउथएंडवर येत आणि सभागृह हसत असे. सुट्टीआधीच्या चर्चेत ते मतदारसंघातल्या बारीकसारीक तक्रारींची यादी धडाधड वाचून काढत. त्यांच्या हत्येनंतर तीन दिवसांत साउथएंडला तो दर्जा जाहीर झाला. उन्हाळी सुट्टीआधीची चर्चा आता त्यांच्या नावाने होते.

पक्षाच्या विरोधात मत दिलं तर खासदारकी जाते का?

नाही. महाराष्ट्रात गेली काही वर्षं पक्षांतरबंदी, दहावं परिशिष्ट, अपात्रता हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतात, म्हणून हा प्रश्न हमखास येतो. ब्रिटनमध्ये असा कायदाच नाही. प्रतोद पक्षादेश काढतात, तीन रेघांचा आदेश म्हणजे हजर राहायचंच आणि सांगितलं तसंच मत द्यायचं. मोडला तर पक्ष दूर करू शकतो, सभागृहातली जागा काढून घेऊ शकत नाही. जुलै २०२४ मध्ये मुलांच्या भत्त्यावरच्या दोन अपत्यांच्या मर्यादेवरून मजूर पक्षाच्या सात खासदारांनी आपल्याच नव्या सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षाने त्यांना सहा महिने बाहेर बसवलं. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याच सरकारने ती मर्यादा उठवत असल्याचं जाहीर केलं.

ई-पिटिशनवर सह्या करण्यात अर्थ आहे का?

दहा हजार सह्यांवर सरकारचं लेखी उत्तर, एक लाखांवर चर्चेसाठी विचार. चर्चा बहुधा सोमवारी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये होते आणि मंत्री येतो. कायदा बदलेलच असं नाही.

कागदी अर्जाची जुनी रीत मला जास्त आवडते. खासदार सभागृहात उभा राहून गावकऱ्यांचा अर्ज थोडक्यात वाचतो आणि चालत जाऊन स्पीकरच्या खुर्चीमागे लटकवलेल्या पिशवीत टाकतो. खरोखरची पिशवी आहे. मग संबंधित खात्याकडून त्याला उत्तर अपेक्षित असतं.

एकटा बॅकबेंचर कायदा करू शकतो का?

अशासकीय विधेयकाने करू शकतो, पण नशीब लागतं. अधिवेशनाच्या सुरुवातीला सोडतीत वीस नावं निघतात आणि त्यांच्यासाठी तेरा शुक्रवार ठेवलेले असतात. फाशी रद्द करणारा १९६५ चा आणि गर्भपाताला मुभा देणारा १९६७ चा कायदा याच वाटेने आला. उलट, एक खासदार "ऑब्जेक्ट" एवढंच ओरडला तरी बिनचर्चेचं विधेयक त्या दिवसापुरतं अडतं. जून २०१८ मध्ये बायकांच्या स्कर्टखालून चोरून फोटो काढणाऱ्यांविरुद्धचं विधेयक असंच अडवलं गेलं. संताप इतका उसळला की सरकारने स्वतःचं विधेयक आणून पुढच्या वर्षी कायदा केला.

खासदार काय करू शकत नाही?

न्यायालयाच्या निकालात ढवळाढवळ करू शकत नाही. व्हिसा देऊ शकत नाही. उशीर का होतो, कागद कुठे अडला, एवढं विचारू शकतो. कचरा, पार्किंग, कौन्सिल टॅक्स ही नगरसेवकांची कामं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आरोग्य आणि शिक्षण तिथल्या विधिमंडळांकडे आहे. आणि दुसऱ्याच्या मतदारसंघातलं प्रकरण तो घेत नाही, हा तिथला कडक शिरस्ता आहे. टीव्हीवर दिसणाऱ्या भारतीय वंशाच्या खासदाराला लिहिलंत, तरी पत्र तुमच्याच खासदाराकडे वळवलं जाईल.

आपल्या लोकांचा या बाकांशी जुना संबंध आहे का?

चांगलाच. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७५ मध्येच या संसदेकडे अर्ज करून भारताला तिथे प्रतिनिधित्व मागितलं होतं. ते मिळालं नाही. पण १८९२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे दादाभाई नौरोजी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले. सनदी परीक्षा भारतातही घ्या, हा ठराव १८९३ मध्ये त्यांच्या बाजूच्या खासदारांनी कॉमन्समध्ये मंजूर करून घेतला आणि सरकारने तो सरळ गुंडाळून ठेवला. मंचेरजी भावनगरी आणि शापुरजी सकलातवाला हे पुढचे दोघेही मुंबईचेच. एक हुजूर पक्षाचा, दुसरा कम्युनिस्ट.

खासदार दादच देत नसेल तर?

उत्तर देण्याची कायदेशीर सक्ती नाही. स्मरणपत्र पाठवा, कार्यालयाला फोन करा, सर्जरीची वेळ मागा. लंडनला जाणं शक्य असेल तर संसदेच्या सेंट्रल लॉबीत हिरवं कार्ड भरून खासदाराला बोलावणं धाडता येतं. तो इमारतीत असेल आणि मोकळा असेल तर येतो. मुदतीआधी खासदाराला परत बोलावण्याचा २०१५ चा कायदा आहे, पण तो तुरुंगवास किंवा सभागृहातून निलंबन अशा प्रसंगांसाठी. पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून तो लागू होत नाही.

पत्रात काय लिहावं?

पूर्ण पत्ता पिनकोडसकट, कारण त्याशिवाय कार्यालय हातच लावत नाही. संदर्भ क्रमांक, अर्जाची तारीख, आतापर्यंत कुणाशी काय बोलणं झालं, आणि शेवटी एका वाक्यात तुम्हाला नेमकं काय हवं आहे. "कृपया लक्ष घालावे" असं मोघम लिहू नका. "या अर्जावर निर्णय कधी होणार, हे गृहखात्याला विचारावे" असं लिहा. तयार मजकुराचं ई-मेल शंभर जणांनी पाठवलं तर उत्तरही एकच छापील येतं. स्वतःच्या शब्दांतल्या दहा ओळी जास्त वाचल्या जातात. आई-वडील सोलापुरात असतील आणि त्यांच्या व्हिसाचा प्रश्न असेल, तर पत्र त्यांनी नाही, मतदारसंघात राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने लिहायचं आणि सोबत त्यांचं सहीनिशी संमतिपत्र जोडायचं. विमानाचं तिकीट आधी काढून "परवा निघायचंय" असं कळवू नका. त्या घाईवर खासदाराकडेही औषध नसतं.